खर्जाची तार

वसरामने खुंटी उलटी फिरवली, वीणेची जाड तार ढिली करून घोडीवरून उचलली आणि दाराच्या उजेडात धरून अंगठ्याच्या नखाने या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली.

"हिला काय झालं, बुवा? गंज न्हाई, कुठं मुरड न्हाई. चांगली हाय की."

"मेली ती," तातेराव म्हणाले.

"तार मरते व्हय कुठं?"

"मेली म्हणलं ना. दुसरी लाव."

वसरामने वाद घातला नाही. सकाळी सकाळी गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणाऱ्यांतला तो नव्हता. त्याने तारेचं वेटोळं केलं आणि भिंतीतल्या खिळ्याला अडकवलं.

जवळा बाजारात खताच्या दुकानाला लागून त्याचं पत्र्याचं दुकान होतं. तांड्यावर शेती, आणि इथे ढोलकीला कातड्याचं पान चढवणं, पेटीचा भाता शिवणं, तारा बदलणं. पंचक्रोशीतल्या भजनी मंडळांचं सगळं मोडकंतोडकं त्याच्याकडे यायचं. कोपऱ्यात त्याच्या बापाचा नगारा होता. तो फक्त होळीला तांड्यावर जायचा आणि बाकीचं वर्ष तिथेच बसून असायचा. त्यावर काही ठेवलेलं वसरामला खपत नसे.

तातेराव दारातल्या स्टुलावर बसले होते. मांडीवर वीणेचा भोपळा, खांद्यावर दांडी. भजनातली वीणा म्हणजे काही मैफिलीतलं वाद्य नव्हे. भोपळा लहान, दांडी आखूड, तारा चार आणि पडदा एकही नाही. तीन तारा बारीक, त्यांच्याबद्दल तातेरावांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती चौथीबद्दल, खर्जाच्या जाड तारेबद्दल. वर्षभरात त्यांनी ती तीनदा बदलली होती. एकदा नांदेडहून मागवली, एकदा परभणीहून, आणि आता खिळ्याला लटकत होती ती याच दुकानातली.

बावीस वर्षं ते गावाचे वीणेकरी होते. खरं सांगायचं तर देवळात वीणा कुणाला ऐकू येते? टाळ-मृदंगाच्या कल्लोळात ती नुसती दिसते. पण तातेराव रोज दिवेलागणीला आपल्या घरी ओसरीवर वीणा घेऊन बसायचे, आणि दर एकादशीला भजनही तिथेच बसायचं. तिथे माणसं मोजकी, टाळ सावकाश, आणि खर्ज छेडला की आवाज तारेतून निघून संपायचा नाही. भिंतीतून, जमिनीतून, बसलेल्या माणसाच्या पाठीतून तो परत यायचा. तातेरावांची वीणा घुमते, असं आसपासच्या चार गावांत म्हणत. तातेराव यावर काही बोलत नसत, पण मिशीला हात मात्र जायचा.

गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत तातेरावांच्या पत्नी शालूबाई गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत संपलं. लेकी आल्या, रडल्या. मुलगा दिपक रडला, शेजारणी रडल्या. तातेराव रडले नाहीत. आता येईल, मग येईल, म्हणून त्यांनी स्वतःच रडण्याची वाट पाहिली. दहावा झाला, तेरावा झाला. ते जेवत होते, झोपत होते, शेतात जाऊन येत होते. एकदा सुनेकडून, मिनाकडून, वरणात मीठ राहिलं. दिपकने पहिल्याच घासाला ताट सारलं. तातेरावांनी दोन वाट्या वरण संपवून हात धुतले. तेव्हापासून मिना त्यांच्याकडे जरा जपून पाहायची.

आणि त्याच दिवसांत वीणा घुमायची बंद झाली.

मंडळातल्या माणसांनी आधी कळत नसल्यासारखं केलं. मग पतंगे मास्तर एकदा म्हणाले, "हवेचा परिणाम असंल." मास्तर शाळेवरून नुकतेच निवृत्त झाले होते, गळा चांगला होता, आणि वीणेवर त्यांचा डोळा आहे हे गावातल्या म्हशींनाही ठाऊक होतं. मागच्या महिन्यात ते बॅटरीवर वाजणारा तंबोरा घेऊन आले. बटण दाबलं की तो न थकता, न थांबता वाजत राहायचा. तातेरावांना रागसुद्धा आला नाही.

उद्या वर्षश्राद्ध होतं. संध्याकाळी भजन. भजन संपलं की वीणा मास्तरांच्या गळ्यात घालायची, असं तातेरावांनी ठरवून टाकलं होतं. पण त्याआधी एकदा तो आवाज घरात व्हायला हवा होता. शालूबाईच्या नावाच्या भजनात मेलेली तार वाजवायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तेवढ्यासाठी ते सकाळच्या पहिल्या जीपने, वीणा मांडीवर घेऊन, दाटीवाटीत इथवर आले होते.

वसरामने पहिल्यांदा पोलादी तार चढवली.

"चोवीस नंबर. तुटणार न्हाई, उतरणार न्हाई."

तातेरावांनी छेडली. आवाज टणकन निघाला आणि तसाच थांबला.

"न्हाई."

"मलाबी वाटलंच. सायकलची घंटी झाली ही." वसरामने ती उतरवली. "आता पितळेची बघा. पण तुमची दांडी पडती आखूड. बारीक पितळ लावलं तर ढिलं पडतं, भडभड करतं. लई जाड लावलं तर गळा दाबल्यावानी बोलतं. मधली बघावं लागंल."

मधली लावली. बावीस नंबरची. ती बरी वाजली. वसरामने मान डोलावली. तातेरावांनी पुन्हा छेडली, डोळे मिटून तिसऱ्यांदा छेडली.

"न्हाई."

"काहून? सूर तर बराबर हाय."

"सूर हाय. पण माघारी येत न्हाई."

वसरामने विचारलं नाही की कुठून माघारी. त्याने आणखी जाड, वीस नंबरची लावून पाहिली, ती खरोखरच गळा दाबल्यासारखी बोलली. तांब्याची लावली, ती चढवता चढवता ताणून लांब झाली आणि सुराला थांबेना. शेवटी फळीवरच्या डब्यातून त्याने वरून बारीक तार गुंडाळलेली एक जाड तार काढली. हिंगोलीच्या कुठल्याशा ऑर्केस्ट्रावाल्याने गिटार दुरुस्तीला दिली होती, त्यातली ती उरलेली. आवाज मऊ, गोल, लांब चालणारा.

"ही तर नंबरी हाय, बुवा! ही घ्या डोळे झाकून."

तातेराव बराच वेळ ऐकत राहिले. तार चांगली होती, हे त्यांना कळत होतं. चांगलं-वाईट अजून कळत होतं. ते आत कुठे पोचत नव्हतं, एवढंच. कानात कापसाचे बोळे घालून बसावं तसं त्यांना वर्षभर झालं होतं.

"न्हाई," ते म्हणाले.

समोरच्या हॉटेलातून चहा आला. वसरामने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर इसरलं का काय हे बेनं! थांबा बुवा, तुमी घेऊ नका, दुसरा..."

तातेरावांचा कप रिकामा झाला होता. वसरामने कपाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. तीन वर्षांमागे त्याची थोरली बहीण गेली तेव्हा त्याचा बाप असाच महिनाभर शिळंपाकं निमूट खात होता. त्याने दुसरा चहा सांगितला नाही.

ऊन आता दारात आलं होतं. तातेरावांच्या टकलावर चटका बसत होता, पण ते हलत नव्हते. वसरामनेच त्यांचं स्टूल उचलून आत, कोपऱ्यात नेलं.

"हितं बसा सावलीला. एकच तार राहिली आता. ही न्हाई पटली तर मंग नांदेडला जा, न्हाई तर मुंबईला जा."

त्याने त्यांच्याकडे पाठ करून तार चढवली. वेळ घेतला. वीणा परत दिली.

तातेरावांनी छेडली.

आवाज निघाला, पुढे गेला आणि माघारी आला. जमिनीवरून पायांत, स्टुलातून मांडीत. बारीकसा होता, घरच्या आवाजाच्या पासंगालाही पुरणारा नव्हता, पण आला. तातेरावांचा हात तारेवरच थांबला.

"हीच," ते म्हणाले. "ही कुठली?"

वसराम आधी हसला आणि मग आपण हसायला नको होतं असं वाटून गप्प झाला. त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. खिळा रिकामा होता.

"तुमचीच हाय, बुवा. सकाळी मेली म्हणून काढली ती. गंमत करावं म्हणलं. आता मलाच कळंना झालंय."

 मग वसरामने स्टूल पुन्हा दारात ओढलं. "बसा, वाजवा." वाजवलं. तार मेलेली. पुन्हा कोपऱ्यात. वाजवलं. जिवंत. वसरामने कोपऱ्यात वाकून पाहिलं, आणि मग सावकाश हात पुढे करून बापाच्या नगाऱ्याच्या कातड्यावर तळवा टेकवला.

"वाजवा."

तातेरावांनी छेडली.

"ह्ये बघा! हात ठिवा हितं. हा बोलून राहिला."

तातेरावांनी हात ठेवला. कातडं मुंग्या आल्यासारखं थरथरत होतं.

"तारेत काय खोट न्हाई," वसराम म्हणाला. "तिला जवळ काहीतरी पोकळ लागतंय. तिच्या सुराचं. तुमच्या घरी काय होतं वीणेजवळ?"

"काय न्हाई. मी ओसरीवर बसतो, भिंतीला टेकून. मागं माजघराचं दार."

"दाराच्या आत?"

"आत काय... काय न्हाई. पाण्याचा हंडा."

 वसरामने तातेरावांनी पुढे केलेले मजुरीचे पैसे त्यांच्याच खिशात परत सारले आणि जीपच्या थांब्यापर्यंत वीणा स्वतः खांद्यावर नेली.

हंडा माळ्यावर होता. मिनाच्या माहेरहून तोटीची स्टीलची टाकी आली होती, ती स्वयंपाकघरात ओट्यावर बसली, आणि शालूबाईंचा पितळी हंडा पालथा होऊन गोवऱ्यांशेजारी गेला. माजघरातल्या लाकडी घडवंचीवर, हंड्याच्या जागी, आता पिठाचा डबा होता. यात मिनाचं काही चुकलं नव्हतं. वाकून पाणी काढण्यापेक्षा तोटी कुणालाही बरीच.

"मामा, काहून काढून राहिलात ते? पडताल ना!" मिनाने शिडी धरली. उद्याच्या स्वयंपाकाचं निवडणं-टिपणं अर्धवट पडलं होतं, आणि सासरे काळाठिक्कर हंडा छातीशी धरून खाली उतरत होते.

"चिंच दे जराशी."

त्यांनी अंगणात बसून स्वतः हंडा घासला. गळ्यापाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव वर आलं. मग घडवंचीवरचा डबा उचलून हंडा तिथे ठेवला, जिथे तो तीस वर्षं होता, दाराच्या आत उजव्या हाताला. ओसरीवर येऊन भिंतीला टेकले आणि खर्ज छेडला.

काही नाही.

रिकामा असून कसं चालेल, म्हणून हापशावरून दोन कळशा आणून हंडा काठोकाठ भरला. पुन्हा छेडला. काही नाही. दुकानात स्टूल दारात होतं तेव्हासारखंच. तातेरावांनी वीणा खुंटीला लावली. नगाऱ्याची गोष्ट नगाऱ्याची. आपण म्हातारपणी भलत्याच नादाला लागलो, असं त्यांना वाटलं, आणि तेही दुसऱ्या कुणाबद्दल वाटावं तसं वाटलं. उद्या मास्तरांना वीणा देऊन टाकायची. बटण दाबून वाजवतील.

भरलेला हंडा पुन्हा माळ्यावर चढणार नव्हता. त्यांनी तो कसाबसा अंगणात नेला आणि कलता करून पाणी ओतायला लागले. उतरतं ऊन तिरपं होऊन हंड्याच्या पोटात गेलं.

आत एक रेघ होती.

गळ्यापासून वीतभर खाली, सगळीकडून फिरलेली, बोटभर रुंद, पांढरी. गावचं पाणी खारं. भांड्यात जिथवर पाणी राहतं तिथवर ते आपली खूण ठेवून जातं. पण पाण्याचं भांडं रोज भरतं, रोज उपसतं. खुणा हव्या तर खालपासून वरपर्यंत हव्यात, कमी-जास्त, अस्ताव्यस्त. इथे एकच होती. वर कोरं पितळ, खाली कोरं पितळ.

"मिना," त्यांनी हाक मारली. "हंड्यात पाणी कितीक ठिवायची ती?"

मिना सूप हातात घेऊन दारात आली. "आत्याबाई व्हय? सकाळी भरायच्या की गच्च. अन् दिवेलागणीला उपसून कमी करायच्या. दोन तांबे, तीन तांबे. दारच्या जास्वंदीला घालायच्या. मी म्हणलं एकदा, आत्याबाई, काहून सांडता, हापसून हापसून हात दुखतेत. तर म्हणल्या, इतकंच लागतं."

"कुणाला लागतं?"

"ते न्हाई सांगितलं. झाकण बी काढून ठिवायच्या. मला वाटायचं, असंल कायतरी त्यांचं." तिने सुपातला एक खडा काढून फेकला. "सकाळपर्यंत मंग हातबी लावू देत नसत हंड्याला. रात्रीच्या प्यायला कळशी येगळी."

तातेरावांनी हंडा पुन्हा घडवंचीवर नेला. रेघेपर्यंत पाणी भरलं. बोट घालून पाहिलं, अर्धा तांब्या काढला. मग ओसरीवर जाऊन बसले, आणि वीणा घेण्याआधी उगीचच धोतराला हात पुसले.

खर्ज छेडला. भिंत बोलली. पाठीच्या कण्यातून वर, मानेपर्यंत तो ओळखीचा आवाज चढला आणि सावकाश विरला. आत मिनाने सूप खाली ठेवल्याचं ऐकू आलं.

बावीस वर्षं मिशीला हात गेला होता तो याच आवाजासाठी. घरातल्या बाईने चुलीपासून उठून, तांब्याने माप घेऊन, तो लावून ठेवलेला असायचा. एकदाही त्यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं का, हाही प्रश्नच होता. त्यांना फार लाज वाटली. आता रडू येईल असं वाटलं. ते तसेच बसून राहिले. आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पिंड झाले, कावळा शिवला, पंगती उठल्या. संध्याकाळी ओसरीवर सतरंजी पडली आणि मंडळ जमलं. पतंगे मास्तर बॅटरीचा तंबोरा पिशवीत घेऊन आले होते. त्यांनी तो हळूच पायापाशी ठेवला.

भजन सुरू व्हायच्या आधीच तातेराव उभे राहिले. गळ्यात वीणा होती.

"मास्तर, या. घ्या."

मास्तर गडबडले. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं एकदम समोर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. "भजन तर होऊ द्या, तातेराव. आज तरी तुमीच..."

"आज मला दुसरीकडं बसायचंय."

वीणा जमिनीला टेकवायची नसते. मास्तर वाकून पाया पडले, तातेरावांनी त्यांच्या पायांना हात लावला, आणि पट्टा एका गळ्यातून निघून दुसऱ्या गळ्यात गेला. "भिंतीला टेकून बसा," तातेराव म्हणाले. "हितं. माझ्या जागेवर." आणि ते माजघरात गेले.

हंड्याशेजारी जमिनीवर एक जुनं पोतं घडी करून टाकलेलं असायचं, शालूबाई तिथे बसून भजन ऐकत. आता पोतं नव्हतं. तातेराव तसेच खाली बसले. बाहेर मास्तरांनी खर्ज छेडला. आवाज दारातून आत आला आणि नुसता आला.

त्यांनी हंड्यात डोकावून पाहिलं. पाहुण्यांना प्यायला लागेल म्हणून मिनाने तो गच्च भरला होता. त्यांनी झाकण बाजूला ठेवलं आणि तांब्या बुडवला. एक तांब्या शेजारच्या, भरत आलेल्या कळशीत रिकामा केला. दुसराही केला. कळशी भरली. बाहेर टाळ लागले होते, मास्तरांचा गळा लागला होता, आणि त्याखाली हंड्याच्या तोंडातून काहीतरी उठू पाहत होतं, पुरतं उठत नव्हतं. त्यांनी तिसरा तांब्या काढला.

हंडा बोलायला लागला.

ओसरीवर तो पाठीत यायचा. इथे समोरून, तोंडावर आला, दम घेतल्यासारखा. इतका जवळून त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. तो नेहमी इथेच होता. बाहेर कुणीतरी "वा, मास्तर!" म्हटलं.

तिसरा तांब्या हातात तसाच होता. ओतायला जागा नव्हती. तातेरावांनी तो तोंडाला लावला.

पाणी खारट लागलं, वर्षभरात पहिल्यांदा.

हापशाचं पाणी गावात सगळ्यांनाच खारट लागायचं. पाहुणे तर पहिल्या घोटाला तोंड वाकडं करायचे. शालूबाई नवी नवरी होऊन आली तेव्हा आठवडाभर तिला ते गिळवत नव्हतं, आणि तातेराव तिला हसले होते. ते घोट घोट पीत राहिले.

मिना कळशी न्यायला आत आली. दिव्याच्या उजेडात सासरे हंड्याजवळ जमिनीवर बसलेले तिला दिसले, चेहऱ्यासमोर तांब्या आडवा धरलेला.

"मामा, आणखी देऊ का पाणी?"

त्यांनी मान हलवून नको म्हटलं. तांब्या केव्हाच रिकामा झाला होता. तरी त्यांनी तो तोंडावरून खाली घेतला नाही.